काही न टाकल्याचे पैसे

“काय टाकलंस गं?” आक्कांनी विचारलं.

“रॅम,” मी म्हटलं. “तुमची जुनी गेली होती. सेकंडहँड टाकलीय, पण चांगली आहे.”

टेबलाखालच्या पत्र्याच्या डब्यातून मी एक हिरवी पट्टी काढली, तिच्यावर फुंकर मारली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. “ही तुमची जुनी.”

आक्कांनी ती चष्म्याजवळ नेऊन उलटसुलट पाहिली. अंगणात पडलेल्या चिमणीकडे पाहावं तशा जरा वेळ तिच्याकडे पाहत राहिल्या. मग ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि साडेसहाशे रुपये मोजून माझ्यासमोर ठेवले.

“झालं ना पण? परत रडायला लागणार नाही ना ते?”

“नाही आक्का. आता काही होत नाही.”

खरं म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये मी काहीच टाकलं नव्हतं. त्यांचीच रॅम काढली, तिच्या सोनेरी दातांवर पेन्सिलीचं खोडरबर घासलं, ब्रशनं धूळ झटकली आणि जिथली तिथं बसवली. सगळी मिळून सात मिनिटं. त्यांच्या पर्समध्ये गेलेली पट्टी कुणाच्या तरी भंगारात गेलेल्या मशीनमधली होती. तसल्या पट्ट्यांचा माझ्याकडे डबाच होता.

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मिरजेत, तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत, माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, दहा बाय आठची खोली. एका बाजूला पक्की भिंत आणि दुसऱ्या बाजूला नुसत्या फळ्या. फळ्यांपलीकडे दस्तगीरचाचांचं तंबोऱ्यांचं दुकान. ही खोलीही त्यांचीच.

त्या गल्लीतल्या दुपारी मला अजून स्वप्नात येतात. छताला टांगलेले वाळके भोपळे वाऱ्यानं हळूच फिरत असायचे. लाकडाचा भुसा उन्हाच्या तिरिपेत तरंगत फळ्यांच्या फटीतून माझ्याकडे यायचा आणि उघड्या मदरबोर्डवर बसायचा. चाचा एखाद्या तंबोऱ्याच्या चार तारा छेडत बसले, की माझ्या टेबलावरच्या पंख्याची घरघर त्यात मिसळून जायची. हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहायचा. मी जागी आहे की डुलकी लागली आहे, हे माझं मलाच कळायचं नाही. आई म्हणायची, शैला दुकानात बसते की झोपायला जाते, देव जाणे.

डब्याची युक्ती मला सांगलीच्या माझ्या पहिल्या मालकांनी शिकवली होती. तेव्हा मला ती पटली नव्हती. स्वतःचं दुकान काढलं तेव्हा मी सगळं खरं सांगायचं ठरवलं. पहिल्याच आठवड्यात एका कापड दुकानदाराचं मशीन असंच रबर घासून सुरू करून दिलं आणि तीस रुपये सांगितले. ते म्हणाले, “तीस? टाकलंस काय तू त्यात?” मी म्हटलं, काही नाही. “मग पैसे कसले?” असं म्हणून त्यांनी चहाला म्हणून दहा रुपये ठेवले आणि गेले. असं तीनदा-चारदा झालं. एक बाई तर मी काढलेलं खोडरबर पाहून, “एवढंच होतं होय! घरी केलं असतं की,” म्हणत पायरी उतरून गेल्या. पाच महिन्यांनी मी मालकांकडे जाऊन तो डबा मागून आणला.

आणि काय सांगू, चमत्कार झाला. हातात जुना भाग पडला, की माणसं हसतमुखानं पैसे द्यायची. चारशे, पाचशे, साडेसहाशे. वर आभारही मानायची.

चाचांना मात्र हे ठाऊक नव्हतं. खोली देताना त्यांनी माझ्याकडून डिपॉझिट घेतलं नव्हतं. कागदही केला नव्हता. एवढंच म्हणाले होते, “माझ्या भिंतीला भिंत लागती तुझी. गल्लीत येणाऱ्या माणसाला फसवलंस, तर त्या दिवशी खोली सोडायची.” मी मान हलवली होती. खोली गेली असती, तर दुसरीकडे डिपॉझिट भरायला माझ्याकडे पैसे नव्हते. मग इचलकरंजीला दादाकडे जायचं आणि त्याच्या ओळखीनं एखाद्या ऑफिसात दिवसभर आकडे भरत बसायचं, हे घरात आधीच ठरून गेलं होतं. म्हणून गिऱ्हाईक असताना, आवाज फळ्यांपलीकडे जाऊ नये असा, मी डबा फार हळू उघडायची.

त्या दिवशी आक्का माझ्याकडून निघाल्या त्या सरळ चाचांच्या दुकानात गेल्या. रिक्षावाला मशीन घेऊन बाहेर थांबला होता. फळ्यांतून मला सगळं ऐकू येत होतं.

“पोरगी हुशार आहे हं चाचा. बघता बघता रॅम टाकली तिनं.”

“मग? आमच्या भिंतीची हाय,” चाचा म्हणाले.

त्यांच्या आवाजातला अभिमान ऐकून मला लाज वाटली. पैसे मात्र मी गल्ल्यात टाकले.

अंबाक्का कित्तुरे गाणं शिकवायच्या. साठी उलटलेली, एकटीच राहणारी बाई. गावात त्यांना सगळे आक्काच म्हणत. त्यांच्या गुरूंकडून मिळालेल्या दीडशेच्या वर चिजा त्यांना तोंडपाठ होत्या आणि त्यातल्या कितीतरी कुठंच लिहिलेल्या नव्हत्या. भाच्यानं जुना कॉम्प्युटर दिला तेव्हापासून त्या एका बोटानं एकेक अक्षर शोधत चिजा टाइप करायला लागल्या होत्या. दिवसाला चार ओळी व्हायच्या. पंच्याण्णवावी चीज चालू असताना मशीन बंद पडलं, म्हणून त्या माझ्याकडे आल्या होत्या.

त्याच दिवसांत चाचा रोज दुपारी माझ्या दुकानात येऊन बसत. त्यांचा मुलगा इम्तियाज पुण्याला वाद्यांचं दुकान चालवायचा. त्याला दुरुस्तीच्या कामांचं छापील दरपत्रक हवं होतं. गिऱ्हाईक फोनवर भाव विचारतं आणि अब्बा सांगत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. मग चाचा सांगायचे आणि मी टाइप करायची.

“तार बदलणे?”

“वीस. तारंचे येगळे.”

“खुंटी नवीन बसवणे?”

“साठ लिही.”

“भोपळ्याला चीर गेली असेल तर?”

चाचा डोळे मिटून घेत. कुठली तरी चीर त्यांना आत दिसत असावी. “चीर बघून. दोनशेपास्नं फुडं, असं लिही.”

“आणि जवारी?”

इथं रोज गाडी अडायची. तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. तिचा माथा कानसेनं इतका हलका घासायचा, की तार तिला धड टेकूही नये आणि सुटूही नये. जमलं तर एका तारेतून दहा तारांचा झंकार येतो. त्याला जवारी काढणं म्हणतात. गल्लीतले बाकीचे कारागीरही अवघड जवारी चाचांकडे पाठवायचे.

“राहू दे ते,” चाचा म्हणाले.

“इम्तियाजदादा म्हणालेत, सगळं पाहिजे. किती वेळ लागतो तुम्हाला?”

“कदी दोन दिस जात्यात. कदी घोडीला हात बी लागत न्हाई. तारंखालचा दोरा केसाएवढा सरकवला की झालं. गाणारी म्हणती, चाचा, जीव आला.”

“मग नुसता दोरा सरकवायचे किती घेता?”

“आठ दिसांनी ये म्हणतो.”

ही त्यांची रीत सगळ्या गावाला माहीत होती. जवारीचे पैसे ते जागेवर कधीच घेत नसत. वाद्य घरी न्या, आठ दिवस वाजवा, मग येऊन तुमच्या मनाला येईल ते द्या. लोक म्हणायचे, चाचाचं मन मोठं. मलाही तसंच वाटायचं.

“कुणी बुडवत नाही?” मी विचारलं.

“एखादा.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुजं गिऱ्हाईक बरं हाय. रोख देतंय.”

मी स्क्रीनकडे पाहत राहिले. दरपत्रकात जवारीच्या पुढची जागा मोकळी होती आणि तिथं कर्सरची उभी रेघ उघडझाप करत होती. बाहेर कुणीतरी सतारीचे पडदे बांधत होतं. चाचा बसल्या बसल्या पेंगले आणि त्यांच्यामागोमाग मीही.

नवव्या दिवशी आक्कांची रिक्षा परत आली.

चाचा माझ्याच दुकानात बसले होते. रिक्षावाल्यानं मशीन टेबलावर ठेवलं. मी वायर लावून बटण दाबलं. पडद्यावर काही आलं नाही, नुसतं टीं... टीं... टीं... सुरू झालं.

“ऐक,” आक्का म्हणाल्या. “काल संध्याकाळपासून काळी चारच्या सुरात रडतंय मेलं.”

“न्हाई आक्का,” चाचा मान तिरकी करून म्हणाले, “काळी चारला जरा चढ हाय.”

“काही चढ नाही. कान म्हातारे झाले तुमचे.”

“पेटी आणू?”

दोघं त्या रडणाऱ्या मशीनवर खरंच वाद घालायला लागले. मला हसू आलं. रॅमच्या दातांवर परत मळ धरला असणार, भुशाच्या गल्लीत आणि आक्कांच्या दमट घरात ते होणारच, हे मला आवाजावरूनच कळलं होतं. मी मशीन उघडलं, रॅम काढून टेबलावर ठेवली आणि आता काय सांगायचं याचा विचार करू लागले. साडेसहाशे घेऊन नऊ दिवस झाले होते.

आक्कांनी पर्स उघडली. रुमाल काढला. त्याची घडी सोडून ती हिरवी पट्टी त्यांनी टेबलावर, त्यांच्या खऱ्या रॅमच्या शेजारी ठेवली.

“हे बघ शैला, ही नवी काढून टाक. माझी जुनीच बसव. पाच वर्षं चालली ती. ही आल्यापासून ते मशीन माझं वाटतच नाही मला. अक्षरं उशिरा उमटतात. कुठलं बटण कुठं ते मी विसरायला लागले. परवा एका चिजेचा अंतरा मी दोनदा चुकीचा लिहिला, आणि मला वाटलं, डोकंच गेलं की काय माझं.”

दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी पडल्या होत्या. मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्या दिवशी घाईत डब्यातून हाताला येईल ती पट्टी मी काढली होती. ती फार जुन्या काळच्या मशीनची होती. आक्कांच्या पट्टीपेक्षा दीड बोट आखूड. त्यांच्या मशीनच्या खाचेत ती कधी बसलीच नसती.

आक्कांना ते दिसलं नाही. पण घोडी तांदळाच्या दाण्याएवढी वाकडी असली तरी लांबून ओळखणारा माणूस माझ्या शेजारी बसला होता.

चाचांनी ती आखूड पट्टी उचलली. उघड्या मशीनमध्ये वाकून पाहिलं. रिकाम्या खाचेवर तिला आडवी धरली आणि एका टोकाला उरलेल्या जागेवर आपल्या अंगठ्याचं नख ठेवलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

“आक्का,” ते म्हणाले, “तुमी घरला जावा. डबडं राहू दे हितं.”

“होईल ना पण?”

“बघंल ती.”

“आणि नाही झालं, तर राहू दे बाई.” आक्का पर्स उचलत मला म्हणाल्या. “मी वहीत लिहीन. नाहीतर नाही लिहिणार. आपल्या वयाला न झेपणारं करू नये, हेच खरं.”

त्या पायरी उतरून गेल्या. रिक्षा गल्लीच्या वळणावर गेली. मला वाटलं, आता चाचा बोलतील. पण ते पट्टी टेबलावर ठेवून परत आपल्या स्टुलावर बसले. छताला टांगलेल्या भोपळ्यांच्या सावल्या फळ्यांवरून सरकत होत्या. ती दुपार संपतच नव्हती.

“लिही,” चाचा म्हणाले.

“काय?”

“जवारी.”

मी दरपत्रकाची फाइल उघडली. “किती लिहू?”

“तूच सांग. ज्येच्यात काही घालत न्हाईत, त्येचे किती घ्यावंत?”

मला रडू कोसळलं. मी कापड दुकानदाराचं सांगितलं, पायरी उतरून गेलेल्या बाईंचं सांगितलं, डब्याचं सांगितलं. खरं सांगितलं की कुणी दहा रुपयांच्या वर देत नाही आणि खोटं सांगितलं की साडेसहाशे देतात, मग मी करू काय, असं उलट त्यांनाच विचारलं. चाचांनी मला थांबवलं नाही. माझं बोलून झाल्यावर ते फळ्यांकडे बघत बोलायला लागले.

“माझा बाप व्हता तवाची गोष्ट. धारवाडकडचे एक बुवा आले. तंबोरा त्यांच्या गुरूचा. बाप जेवाय गेल्ता. मी एकटाच. बघितलं तर काय बी न्हाई, दोरा सरकला व्हता. मी तो जाग्यावर आणला. तंबोरा असा बोलला, असा बोलला... मलाच वाटलं, आता ह्येचे काय मागायचे? दोऱ्याचे? मग म्हटलं, बुवा, घोडी बदलली. उंटाच्या हाडाची नवी घातली. एक मोडकी घोडी पडली व्हती, ती त्यांच्या हातात दिली.”

“आणि?”

“दिले की त्यांनी. बापानं महिन्यात कमवले नसते एवढे दिले. बाप खूश.” चाचांनी हातावरचा भुसा पुसला. “वर्सानं कळलं, त्यांनी तो तंबोरा इकला. घोडी नवी घातल्यापास्नं आवाज आपला वाटत न्हाई म्हणाले. गुरूचा आवाज गेला म्हणाले. घोडी तीच व्हती शैला. हात बी लावला नव्हता मी तिला. पर त्यांच्या कानाला ती नवी लागाय लागली. मी धारवाडला गेलो, सांगाय. तंबोरा कुणी नेला, कुठं नेला, कुणाला ठावं नव्हतं. बुवांनी दुसरा घेतला व्हता. त्याच्यावर गात व्हते. मी काय सांगणार? तसाच परत आलो.”

फळ्यांपलीकडे एक तार आपोआप झणकारली. ऊन उतरताना कधी कधी तसं व्हायचं.

“तवापास्नं मी पैसे आठ दिसांनी घेतो,” चाचा म्हणाले. “लोकं म्हणत्यात, मन मोठं हाय. मोठं बिठं काय न्हाई. हातात पैसे आले की माझी जीभ घसरती, म्हणून मी आठ दिस थांबतो. बोललेलं खोटं आठ दिसांत माणसाच्या कानाला कळतं.”

ते उठले. दारात थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाले, “खोलीचं उद्या बघू. आधी आक्काचं बघ.”

त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाशे रुपये मुठीत धरून, मशीन रिक्षात घालून आक्कांच्या घरी गेले. त्यांच्या बाहेरच्या खोलीत तीन मुली सतरंजीवर बसून सा लावत होत्या. उदबत्तीचा वास होता. मला वाटलं, मुली जाईपर्यंत थांबावं.

“झालं का गं?” आक्कांनी विचारलं.

“आक्का, मला तुम्हाला काही सांगायचंय. एकट्यांना.”

“ह्या काय परक्या आहेत? बोल.”

मग मी त्या तीन मुलींसमोर बोलले. पैसे सतरंजीवर ठेवले. रॅम बदललीच नव्हती, ती पट्टी तुमची नव्हती, मशीन पहिल्यापासून तुमचंच आहे, तसंच आहे, हे सगळं सांगून टाकलं. मुलींचा सा कधीच बंद पडला होता.

आक्कांचा चेहरा लाल झाला.

“नऊ दिवस,” त्या म्हणाल्या. “नऊ दिवस मी त्या मशीनसमोर बसून स्वतःला शिव्या घातल्या. मला वाटलं, वय झालं. मला वाटलं, आता ह्या चिजा माझ्याबरोबरच जाणार. पैशाचं काय घेऊन बसलीस तू? माझ्या डोक्यावरचा माझाच विश्वास उडवलास की गं!”

त्यांना हवं तेवढं त्या बोलल्या. धाकटी मुलगी घाबरून वही छातीशी धरून बसली होती. शेवटी दमून त्या पाणी प्यायल्या.

“मग केलं होतंस काय तू नक्की?”

“दाखवू?”

त्या धाकट्या मुलीच्या कंपासपेटीतलं खोडरबर मी मागून घेतलं. मशीन उघडलं. आक्का गुडघ्यावर हात टेकून माझ्या शेजारी येऊन बसल्या, तिन्ही मुलींनी मागून डोकी घातली. मी रॅम काढून दाखवली. दातांवरचा काळपट मळ दाखवला. हळूहळू घासला. दात चकाकायला लागले, तेव्हा मधली मुलगी “अय्या” म्हणाली. पट्टी बसवून मी बटण दाबलं. एकदाच, छोटंसं टीं झालं आणि पडदा उजळला.

आक्कांनी पंच्याण्णवावी चीज उघडली. एका बोटानं एक अक्षर दाबलं. मग दुसरं. ती लगेच उमटली.

“तेच आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “हे माझंच आहे.”

मला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं, की खोली गेली तरी जाऊ दे, असं मनात आलं.

आक्कांनी सतरंजीवरचे पैसे उचलले, दोनदा मोजले आणि विचारलं, “आता ह्या कामाचे किती?”

“काही नको आक्का. खरंच नको.”

“फुकट?” त्यांचा आवाज परत चढला. “खोटं बोलून साडेसहाशे आणि खरं बोलून फुकट, ही कुठली तऱ्हा? ह्या मुली महिन्याला शंभर रुपये देतात मला. मी ह्यांच्या गळ्यात काय टाकते? सा ह्यांचाच असतो. सरकलेला असतो, तो जाग्यावर आणते. बोल, किती?”

“तीस,” मी पुटपुटले.

“नीट बोल. लाजत सांगितलेला भाव कुणी देत नसतं.”

“पन्नास.”

“घे.” त्यांनी पन्नासची नोट काढून माझ्या हातात दिली आणि बाकीचे सहाशे कमरेला खोचले. “आणि ह्यापुढं माझं मशीन माझ्यासमोर उघडायचं. घरी नाहीतर दुकानात, पण माझ्यासमोर. ऊठ आता, मुलींचा तास बुडतोय.”

मी गल्लीत परत आले तेव्हा चाचा एका तंबोऱ्यावर वाकून बसले होते. मी खोलीची किल्ली काढून त्यांच्या पाटावर, कानसेशेजारी ठेवली. त्यांनी पाहिली, पण हात थांबवला नाही.

“गेल्तीस?”

“हो.”

“काय म्हणाली?”

“खूप बोलल्या. मुलींसमोर. सहाशे परत घेतले.”

“सहाशे? आणि वरचे पन्नास?”

“ते दिले मला. मजुरीचे.”

चाचांची कानस थांबली. “कुणी? आक्कानं?”

“हो.”

“काही घातलं न्हाईस, हे सांगून?”

“त्यांच्यासमोरच उघडून दाखवलं.”

चाचांनी तंबोरा मांडीवरून बाजूला ठेवला. चष्मा काढला. “चाळीस वर्सं तिचा तंबोरा बघतोय मी. चाळीस वर्सं! दोरा सरकवला की आठ दिसांनी येती आन् पंचवीस ठिवून जाती. म्हणती, चाचा, घातलं तर काय न्हाईत तुमी.”

ते उठले. खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली, पायरीवरच्या चपला शोधल्या.

“कुठं निघालात?”

“तिच्याकडं. पन्नास म्हंजे काय!”

“चाचा, किल्ली...”

ते चार पावलं पुढं गेले होते. मागं न बघताच म्हणाले, “दोन्ही दुकानं बघ. कुणी आलं तर बसवून ठेव, आलोच.”

ते वळणावर दिसेनासे झाले तरी मी तिथंच उभी होते. मग आत जाऊन त्यांच्या पाटाशेजारी, भुशात, बसले आणि मला रडू आलं. थोड्या वेळानं एक माणूस खांद्यावर तंबोरा घेऊन दारात आला आणि चाचा आहेत का म्हणून विचारू लागला. मी डोळे पुसले आणि त्याला बसा म्हटलं.